बाईंचं नाव

परक्या देशात सगळं जमलं, पण बाईंचं नाव काही धाकटीच्या जिभेवर बसेना.

घरातलं शेंडेफळ म्हणून ती धाकटी. व्यवसाय व्यवस्थापन शिकायला समुद्र ओलांडला तरी आत्याच्या फोनवर ती धाकटीच राहिली. वर्ग झाले, परीक्षा झाल्या, आणि आता शेवटच्या सत्रात ती लहान मुलांचे बूट करणाऱ्या एका कंपनीत इंटर्नशिप करत होती. तिथे दारावरच्या पहारेकऱ्यापासून मालकापर्यंत सगळे एकमेकांना नुसत्या नावानं हाक मारत. तिच्या विभागाच्या प्रमुख बाई तिच्या आईहून मोठ्या, तर त्यांनाही नावानंच. धाकटी तोंड उघडायची, नाव ओठांच्या उंबऱ्यापर्यंत यायचं आणि तिथूनच माघारी फिरायचं. मग ती म्हणायची, "ऐकता का?"

"अगं, हे तर जुन्या काळच्या सुनेसारखं झालं," आत्या फोनवर हसली. "नवऱ्याचं नाव घ्यायचं म्हटलं की उखाणा लागायचा. तूही घे."

"कुणासमोर घेऊ? कपाटासमोर?"

"घे की. कचेरीच्या खिडकीला उन्हाची झालर, अमकीचं नाव घेते, ताठ करून कॉलर. अमकीच्या जागी बाईंना बसव, झालं."

आणि बाई होत्याच कॉलर ताठ करावी अशा. उंच, सडसडीत, केसांत रुपेरी कड. लिफ्ट असून जिना चढायच्या, आपला कप आपण विसळायच्या. कुठलीही बैठक असो, आधी टेबलावर एक इवलासा बूट ठेवायच्या. तो हातोहात फिरायचा. प्रत्येकानं आत बोटं घालून शिवण चाचपायची, मगच पडद्यावरचे आकडे सुरू व्हायचे. "कुणासाठी करतोय ते हाताला कळू दे," असं त्यांचं म्हणणं. धाकटीच्या जाडजूड पुस्तकांत हा धडा कुठे नव्हता. ती बाईंकडे बघायची ती रोप उन्हाकडे बघतं तशी.

त्यांनीच तिला मागे काही दिवस चढणीवरच्या दुकानात धाडलं होतं. कंपनीचं सगळ्यांत जुनं दुकान. तिथला म्हातारा विक्रेता पोरांसमोर गुडघे टेकून बसायचा, माप घेता घेता पावलाशीच गप्पा मारायचा, आणि रडत आलेलं पोर पाय आपटत ऐटीत बाहेर पडायचं. पण नेमका तेव्हा समोरचा रस्ता पाइप घालायला उकरलेला. जिकडे तिकडे चिखल आणि चिखलावर डुगडुगत्या फळ्या. बाबागाडी घेऊन आलेल्या आया खालूनच दुकानाकडे बघायच्या आणि आल्या पावली परतायच्या.

म्हणून त्या सकाळी बैठकीत पडद्यावर त्या दुकानाच्या विक्रीची रेघ घसरलेली दिसली, तेव्हा धाकटीनं लगेच ओळखलं. ही घसरण त्या उकरलेल्या रस्त्याची होती. आणि पडद्यावरची मांडणी खुद्द बाईंची होती.

"गिऱ्हाईक आटलंय," बाई म्हणाल्या. "जिवावर येतं, पण हे दुकान बंद करावं लागेल."

माना डोलल्या. धाकटी हातातल्या इवल्या बुटाच्या नाडीला गाठी मारत बसली. चार माणसांत थोरांचं बोलणं खोडू नये, सांगायचं ते बाजूला नेऊन सांगावं, हे तिनं बाळकडूबरोबर प्यालेलं. बैठक संपली की सांगू, असं ती मनाशी घोकत होती. तेवढ्यात दुपारी दुकानात कळवायचं ठरलंसुद्धा, आणि खुर्च्या सरकल्या.

तिनं बाईंना जिन्यात गाठलं. "ऐकता का?" म्हणाली, आणि एका दमात रस्ता, चिखल, फळ्या सगळं सांगून टाकलं.

बाई कठड्याला हात लावून थांबल्या. "हे मला माहीत नव्हतं. मी विचारायला हवं होतं." मग तिच्याकडे वळल्या. "तुला बैठकीतच माहीत होतं?"

"हो."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही मोठ्या. सगळ्यांसमोर तुमची चूक कशी काढू?"

"म्हणजे माझी लाज राखलीस." बाईंच्या आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्तच लागलं. "आणि त्या म्हाताऱ्याचं दुकान कोण राखणार होतं?"

बाई जिन्यातूनच माघारी वळल्या.

"चल. चूक चारचौघांत झाली, ती चारचौघांतच निस्तरू."

बाईंनी सगळ्यांना परत बोलावलं. "माझी मांडणी अपुरी आहे," खिडकी उघडावी इतक्या सहज त्या म्हणाल्या. "काय राहिलं ते ही सांगेल." आणि आपली खुर्ची सोडून ऐकणाऱ्यांच्या ओळीत, अगदी टोकाला जाऊन बसल्या. मोठेपणा असा शालीसारखा उतरवून ठेवला, तरी बाई तसूभरही लहान दिसल्या नाहीत. उलट त्या टोकाच्या खुर्चीलाच मान आला.

धाकटी उठली. आत्याचा उखाणा आठवला, बोटं आपसूक कॉलरकडे गेली. मग तिनं बाईंचं नाव घेतलं. मोठ्यानं, स्वच्छ, सगळ्यांसमोर.

"तुमच्या रेघेत रस्ता धरलेला नाही," ती म्हणाली, आणि पुढचं पाण्यासारखं येत गेलं.

"रस्ता झाल्यावरही गिऱ्हाईक फिरकलं नाही तर?" कुणीतरी विचारलं.

बाई मध्ये पडल्या नाहीत. त्यांनी नुसतं धाकटीकडे बघितलं.

"तर बंद करायला पहिला हात मी वर करीन," धाकटी म्हणाली. "पण आधी बघू तरी."

दुपारचा फोन काही गेला नाही. रस्ता होऊ दे, मग पुन्हा बघायचं, असं ठरलं.

संध्याकाळी आत्यानं आधी तेच विचारलं, "घेतलंस का नाव?"

"घेतलं."

"मग? काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, उद्या दोघी चढणीवर जाऊ. फळ्यांवरून चालायचंय, जुने बूट घालून ये."