लिनबाईंचा उजवा हात

"नो पू टुडे," रुद्रने फोनच्या पडद्यावर नाक टेकवून जाहीर केलं आणि पळाला.

"आज पाचवा दिवस, सुनेत्राताई," मेधाचा दमलेला आवाज आला. "काल फॅमिली डॉक्टरांनी तपासलं. म्हणाले, घाबरण्यासारखं काही नाही, पाणी आणि फळं वाढवा. पण वाढवू कशी? तोंडच उघडत नाही हा."

"लिनबाईंचा मसाज सुरू करून तीन दिवस झाले ना गं?"

"तेच तर. काही फरक नाही."

सुनेत्रामावशीने हातातला चहा खाली ठेवला. ऑगस्ट २०२१. सिडनीत लॉकडाऊन होता आणि युनिव्हर्सिटी संपवून मी मावशीकडे टूनगॅबीला अडकले होते. मावशी अकरा वर्षं पॅरामॅटात लिनबाईंच्या चिनी दवाखान्यात काउंटरवर होती. न जेवणारी, पोट फुगलेली मुलं तिथे यायची. मावशी त्यांची नावं लिहून घ्यायची, बूट जोडीने लावायची. मग पडद्यामागून आधी रडणं ऐकू यायचं आणि थोड्या वेळाने खिदळणं. त्या पडद्यापलीकडे ती कधी गेली नव्हती.

जुलैत दवाखाना बंद झाला. त्र्याहत्तर वर्षांच्या लिनबाई म्हणाल्या, हातांचं काम फोनवरून होत नाही. मावशीने पंधरा दिवस रोज त्यांना फोन केला. शेवटी त्यांनी घरी एकट्याने, एका कापडी सशाच्या पोटावर मसाज करून दाखवणारा व्हिडिओ काढून पाठवला. अट एकच: या एका मुलाला उपयोग झाला नाही, तर त्या दवाखान्याच्या किल्ल्या जागामालकाला परत करणार. ते मूल म्हणजे मेधाचा रुद्र.

व्हिडिओत तीन गोष्टी होत्या. बेंबीभोवती तळव्याने शंभर वेळा गोल फिरवायचं. मुलाच्या अंगठ्याची कड टोकापासून मुळापर्यंत चोळायची. शेवटी पाठीच्या कण्यावरची कातडी चिमटीत धरत खालून वर जायचं. शिवाय फ्रिजमधलं थंडगार काही द्यायचं नाही, कारण त्याने प्लीहा दमते आणि अन्न पचत नाही.

"प्लीहा पचन करत नाही," मी मावशीला सांगितलं होतं. "ती रक्त गाळते."

"तुझी प्लीहा तुझ्यापाशी ठेव. त्यांची वेगळी आहे. आणि आपण बेंबीभोवती हिंग लावतो, तेव्हा कुठे विचारतेस?"

आता फोनवर मेधा रडकुंडीला आली होती. "मी अगदी हुबेहूब करते हो ताई. सवय नाही, तरी डाव्या हाताने करते."

"डाव्या? का गं?"

"लिनबाई डावखुऱ्या आहेत ना."

मावशीने माझ्याकडे पाहिलं. "स्वरदा, लॅपटॉप आण. तो व्हिडिओ लाव." तिने एका जागी थांबवायला लावलं. "ही जेडची बांगडी बघ. लग्नातली आहे, आता निघतच नाही. ती त्यांच्या डाव्या हातात असते. अकरा वर्षं त्या माझ्यासमोर मोकळ्या हाताने सह्या करतात, उजव्या. मग इथे बांगडी उजव्या हातात कशी?"

मी तो व्हिडिओ चार वेळा पाहिला होता. प्लीहेवरून वाद घातला होता. बांगडी मला दिसली नव्हती.

"सेल्फी कॅमेरा," मी म्हणाले. "काही फोन आरशातल्यासारखं उलटं साठवतात. म्हणजे त्यांचा हात घड्याळाच्या दिशेने फिरत होता आणि मेधाताई उलटा फिरवतायत. मोठं आतडं उजवीकडून वर चढतं, आडवं जातं आणि डावीकडून खाली उतरतं. समोरून पाहिलं तर घड्याळाचीच दिशा."

"म्हणजे पोर तीन दिवस रिव्हर्स गिअरमध्ये आहे," मावशी म्हणाली. "मेधा, ऐकलंस? उजवा हात, घड्याळाच्या दिशेने. आणि तळवे आधी गरम कर."

दुसऱ्या दिवशी दुपारी चारला फोन आला. आधी ताट वाजवल्याचा आवाज. मेधाचा नवरा अपूर्व मीटिंग म्यूट करून वाजवत होता.

"इट वॉज लाइक अ स्नेक!" रुद्र ओरडला.

"वाटीभर मऊ भात खाल्ला हो," मेधा हसता हसता डोळे पुसत होती. "मेतकूट घालून. वर परत मागितला."

मी मावशीला सांगितलं की एका मुलावरून काही सिद्ध होत नाही. त्याला कालपासून नाशपातीचा रसही चालला होता. कदाचित त्याचाच गुण असेल.

"असेल की. पण लिनबाईंना फोन कोण लावतंय, तू की मी?"

तिने स्पीकरवर सगळं सांगितलं, बांगडीसकट. मग लिनबाई एवढ्या हसल्या की त्यांना खोकला आला. "अकरा वर्षं मला वाटत होतं," त्या इंग्रजीत म्हणाल्या, "तू फक्त अपॉइंटमेंटची वही बघतेस."

ऑक्टोबरात निर्बंध उठले आणि लिनबाई संत्र्यांची पिशवी घेऊन आमच्या घरी आल्या. किल्ल्या त्यांनी आदल्याच दिवशी परत केल्या होत्या. बोटं थरथरतात, लहान मुलांना आता हात लावणं बरं नाही, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. पण व्हिडिओ मात्र नव्याने काढायचा होता, नीट. आयांसाठी.

मी मागचा कॅमेरा लावला. भिंतीवरचं घड्याळ सुलट दिसतंय ना, ते दोनदा तपासलं. कापडी ससा टेबलावर ठेवला. लिनबाई खुर्ची ओढून कॅमेऱ्याच्या बाजूला, माझ्याशेजारी बसल्या.

"डॉक्टर, तुम्ही इथे नाही, तिकडे," मावशी म्हणाली.

"माझे हात थरथरताना लोकांनी कशाला बघायचे? तू दाखव. चुकलीस तर मी आहे."

मावशी आत जाऊन हात धुऊन आली. मनगटावरचं घड्याळ काढलं, बांगड्या काढल्या, ओळीने मांडून ठेवल्या. मग त्या कापडी सशाला गार लागू नये म्हणून तिने तळवे एकमेकांवर चोळून नीट गरम केले.