तेलाच्या स्नायूंचा पाय

मित्रांनो, मी एक जुना पाय आहे. एकटाच. जोडीला दुसरा पाय नाही आणि वर धडही नाही. झुरिकमधल्या एका प्रयोगशाळेत माझा जन्म झाला. माझ्यात मोटार नाही. प्लास्टिकच्या पातळ पिशव्यांत तेल भरून माझे स्नायू केले आहेत. वीज मिळाली की तेल एका बाजूला सरकतं, पिशवी आखडते आणि माझा गुडघा हलतो.

मला घडवलं उर्सिनाने. ती डोंगरातली, शेळ्यांमागे वाढलेली. पायाखालचा दगड हलला तरी शेळी तोल सावरते, तसा पाय तिला हवा होता. शेजारच्या टेबलावर मोटारीवर चालणारे पाय बनवणारा फ्लोरिन रोज चिडवायचा, "काय गं, उठली का तुझी शेळी?"

"उठेल. तुझ्या मोटारीसारखी कोकलणार मात्र नाही," ती म्हणायची.

आणि एका दुपारी मी उठलो. जमीन सुटली, पुन्हा भेटली. फ्लोरिनने हातातला पाव खाली ठेवून टाळ्या वाजवल्या. मग वाळूवर, गवतावर, ओल्या खडीवर. दांड्याला बांधलेला मी गोल फिरत उड्या मारायचो आणि पाहुणे कौतुकाने बघत राहायचे. ते दिवस आठवले की अजून पोटरी शिवशिवते.

उर्सिनाच्या डॉक्टरेटची परीक्षा होती त्या दिवशी घात झाला. परीक्षक येऊन बसले आणि इकडे पडद्यामागे माझ्या मांडीची पिशवी फुटली. तेल जमिनीवर सांडलं.

"कालचं चित्रीकरण दाखव," फ्लोरिन कुजबुजला. "कुणाला कळणारे?"

"मला कळेल ना." ती परीक्षकांकडे वळली. "स्नायू फाटलाय. तुमच्यासमोरच बदलते. थांबाल का?"

ते थांबले. नव्या पिशवीवर मी जेमतेम बोटभर उडालो.

"एवढंच?" एका परीक्षकबाईंनी विचारलं.

"आज एवढंच."

बाई हसल्या. उर्सिना उत्तीर्ण झाली आणि दुसऱ्या गावी शिकवायला गेली.

पुढे चार पायांची यंत्रं आली. मी कपाटात गेलो. पिशव्या पिवळ्या पडल्या, सांधे आखडले, माझं नावही कुणी घेईना.

या वसंतात उर्सिना भेटीला आली. केस पिकलेले. आता प्रयोगशाळा फ्लोरिन सांभाळतो. त्याने मला तारा जोडल्या. मी नुसता थरथरलो.

"वीज वाढवू? एखादी उडी मारेल."

"नको रे, फाटेल तो. आयुष्यभर उड्याच मारल्यात त्याने."

तिने बटण बंद केलं, जुनं तेल काढलं आणि मऊ फडक्याने माझा गुडघा पुसून दिला.

मित्रांनो, तुमच्याही घरी कुणी थकलेलं असेल, माणूस किंवा वस्तू. त्याच्याकडे आणखी एक उडी मागू नका. जरा जवळ बसा. तेवढं पुरतं.