तोबरेवाल्याचा जोडीदार

भूमच्या बाजारात, भर दुपारी, तोबरेवाला मेला. पण हे विसरून जा. असं काही झालंच नाही असं धरून चालू. ईटमध्ये सगळे तसंच धरून चालतात.

तोबरेवाला म्हणजे ईटचा शेतकरी कोंडीराम. घोडीला हरभरा चारायच्या पिशवीला, म्हणजे तोबऱ्याला, दोन भोकं पाडून ती तोंडावर चढवायची आणि शेळीचोरांच्या मागं धावायचं, हा त्याचा उद्योग. भोकं पाडून दिली शब्बीर शिंप्यानं, म्हणून कोंडीरामच्या मागं धावायचं कामही त्याच्याच गळ्यात पडलं. गाव दोघांना ओळखून होतं, पण रीत म्हणून कुणी ओळख दाखवत नसे. "कोंडीराम, चोर तिकडं गेला," म्हणायचे आणि लगेच, "चुकलो, तोबरेवाले, तिकडं."

नवं राज्य झालं त्या वर्षी भूमच्या बाजारात धावताना तोबरा फिरला, भोकं मागं गेली आणि तोबरेवाला उभ्या येष्टीवर जाऊन आदळला. येष्टीला काही झालं नाही.

दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. बायको दगडाबाईनं म्हैस न विकण्याचा शब्द दिला, भावानं बांधाचं भांडण सोडलं. कावळे बाभळीवर बसून ऐकत राहिले. उन्हं चढली, माणसं भुकेजली. शेवटी दगडाबाई म्हणाली, "शब्बीरभाई, तुमच्यात हे न्हाय, ठावं हाय. पर तुमीच बोला एकदा."

शब्बीर पुढं झाला. "दादा, जोडी मोडणार न्हाय. म्या हाय."

जेवणाची वेळ टळत होती म्हणून तो तसं म्हणाला. पण सगळे कावळे एकदम खाली उतरले.

घरी येऊन बघतो तर खुंटीवरचा तोबरा, उसवला म्हणून शिवायला आणलेला, श्वास घेत होता. फुगायचा, बसायचा.

"ते भायेर टाका," बायको गुलबानो म्हणाली.

"भायेर टाकलं तर भायेर श्वास घेईल."

"घेऊ द्या की. मला तर ऐकू येणार न्हाय."

तेव्हापासून भरदिवसा हाक येते. "शब्बीर, बेंबळीत शेळी गेली. चल." मशीन चालता चालता थांबतं, घरभर हरभऱ्याचा वास पसरतो. कोंडीराम भिंतीतून जातो. शब्बीरला दारातून वळसा पडतो. चोर हल्ली पळत नाहीत. शब्बीरच्या खांद्यामागं बघतात, शेळी जागेवर नेऊन बांधतात, तिला पाणी दाखवतात आणि रडत घरी जातात. शब्बीरनं मागं वळून कधी पाहिलं नाही.

परवा गुलबानोनं ट्रंक भरायला घेतली.

"आता काय झालं?"

"तुमी शिवत बसला व्हता तवा बघत व्हते. तोबरा तुमच्याबरोबर श्वास घेतुया."

"मग घेऊ दे की."

"तो थांबला की तुमीबी थांबता. त्याला सोडा, न्हायतर मी माहेरी चालले."

शब्बीर तडक तलाठ्याकडं अर्ज लिहून घ्यायला गेला. तलाठ्यानं एकदाच मान वर केली, शब्बीरच्या मागं पाहिलं आणि मग अर्ज संपेपर्यंत कागदावरची नजर हलवली नाही.

"मे. तहसीलदारसाहेब, भूम, यांचे सेवेशी. अर्जदार शब्बीर, धंदा शिलाई, राहणार ईट, विनंती करतो ती अशी की, मयत कोंडीराम यांनी अर्जदारास हाका मारणे बंद करावे असा हुकूम व्हावा. सदर हुकूम मयताचे हाती समक्ष देऊन पोच घ्यावी. तसेच अर्जदाराचा श्वास पूर्ववत अर्जदाराचे एकट्याचे नावे करून मिळावा."