गाडी कोणत्या रस्त्यानं आली

न्यायाधीश आंधळे असते, तर मी गप्प बसले असते. आमच्या साहेबांना स्वच्छ दिसत होतं, म्हणून तर तळपायाची आग मस्तकात जाते.

वडनेरला आमचं दीड एकर वावर आहे. वांगी, पालक, सांभार म्हणजे कोथिंबीर. तिकडे जायला एकच पांदण, शेजारच्या मोतीलालच्या धुऱ्याला, म्हणजे बांधाला लागून. माझे सासरे मनोहरराव चाळीस वर्षं तिथूनच बैलबंडी नेत होते. चार वर्षांपूर्वी मोतीलालनं पांदणीवर बोराटीच्या काट्या टाकल्या आणि जागा माझी म्हणाला. तेव्हापासून सासूबाई आणि मी भाजीची टोपली डोक्यावर घेऊन नाल्यातून येतो. मागच्या पावसाळ्यात सासूबाई घसरल्या, त्यांचा गुडघा अजून वाकत नाही. रस्ता मिळाला नाही तर हे वावर पडीक टाकावं लागणार.

काट्या पडल्या तेव्हाच आम्ही कोर्टात गेलो होतो. तिथं न्याय मिळतो अशी आमची समजूत. अडाणी माणसं, दुसरं काय!

साहेबांची वेळ अकराची, येणार साडेबाराला. सासरे मात्र पहाटे बाजारात भाजी टाकून दहाला हजर. एकदा पुकारा झाला तेव्हा ते लघवीला गेले होते, तर साहेबांनी गैरहजर लिहिलं. शेवटी आमचे वकील बाबाराव यांनी अर्ज दिला, साहेबांनी स्वतः जागा पाहावी. साहेब कबूल झाले. सासऱ्यांनी मारुतीला नारळ फोडला.

पाहणीच्या आदल्या दिवशी मोतीलालनं स्वतःच काट्या काढल्या, खड्ड्यांत मुरूम टाकला. आम्हाला वाटलं, भ्याला. साहेबांची गाडी पांदणीनं आली आणि थेट त्याच्या आंब्याखाली थांबली. तिथं खुर्च्या होत्या, हुरडा होता. सासऱ्यांनी हात जोडले, "साहेब, हेच पांदन." साहेब "बरं, बरं" म्हणाले आणि आणखी चटणी मागितली. अर्ध्या तासात आल्या वाटेनं परत गेले. संध्याकाळी काट्या जागेवर.

निकालात लिहिलं होतं, 'समक्ष पाहणीत सदर ठिकाणी रस्ता आढळून आला नाही.'

सासरे जन्मात कोणापुढे मोठ्यानं बोलले नव्हते. त्या दिवशी भर कोर्टात उभे राहिले.

"रस्ता नाई, तं तुमची गाडी कोठून आल्ती साहेब? आभाळातून?"

मागच्या बाकावर कोणीतरी हसलं. खोटं लिहिताना ज्यांना लाज वाटली नाही, त्यांना या हसण्याची वाटली. साहेब ओरडले, "हा कोर्टाचा अवमान आहे. आत टाकू?" शिपाई पुढे सरकला. बाबारावांनी घाईघाईनं माफीनामा लिहिला. साहेबांनी तो वाचला, खाली एक ओळ वाढवायला लावली, मगच सासऱ्यांना सोडलं. सासऱ्यांनी बोट दाखवलं तिथं सही केली. ती ओळ त्यांना कोणी वाचून दाखवली नाही.

पंधरा दिवसांनी मी अपिलाचं विचारायला बाबारावांकडे गेले.

"जया, अपिलात आता दम नाई राह्यला."

"काऊन?"

त्यांनी माफीनाम्याची नक्कल पुढे केली. शेवटची ओळ होती, 'सदर ठिकाणी रस्ता नाही व कधीही नव्हता, हे मला मान्य आहे.'

"अन् तुमी हे लिवून देलं?"

"मले त्याच कोर्टात रोज उभं राहा लागते, बाई."

मी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. नक्कल उचलली आणि घरी आले. सासरे ओसरीवर पालकाच्या जुड्या बांधत होते. लपवण्यात अर्थ नव्हता. मी ती ओळ वाचली. त्यांनी पुन्हा वाचायला लावली. मग कागद हातात घेऊन स्वतःच्या सहीवर बोट ठेवलं.

"सही तं माहीच हाये," ते म्हणाले. "मंग चाळीस वर्सं मी कोठून जात होतो, जया?"