ढिला पट्टा

माझ्या जितेंद्रला एक वाईट खोड आहे. हातात आलं ते आवळायचं. नळाची तोटी आवळून दोनदा मोडली, लोणच्याच्या बरणीचं झाकण तर त्याच्याशिवाय कोणाला उघडतच नाही. आणि आता कुत्रीचा पट्टा. वर मलाच शिकवतो, "आई, तुले नाही समजत त्यातलं."

ही कुत्री म्हणजे बुंदी. मांजराएवढी, पिवळसर, आणि भित्री इतकी की कुकरची शिट्टी झाली की पलंगाखाली जाते. ती बापूजींची. बापूजी म्हणजे माझे मालक; घरात सगळे तेच म्हणतात, मीही म्हणते. दोन वर्षांपूर्वी त्यांचं उजवं अंग गेलं. जीभ जड झाली, उजव्या हाताची मूठ वळेनाशी झाली. डॉक्टरांनी रोज चाला म्हटलं, पण आमच्या सांगण्यानं ते दारापर्यंत जात नसत. बुंदी आली आणि तिच्यासाठी निघू लागले. डाव्या हातात काठी, उजव्या मनगटाला अडकवलेला पट्टा. वाडीतल्या गोदामांच्या गल्लीतून गोपिकाच्या चहाच्या टपरीपर्यंत जायचं आणि परत यायचं.

मागच्या महिन्यात ते पडले. जितेंद्र सोबत होता. गोपिकाचा काळ्या, वासराएवढा कुत्रा, समोरून आला. बुंदी बिथरली, पट्टा पायांत अडकला, बापूजी आपटले. कपाळाला चार टाके. टाके निघाले तसा जितेंद्रनं निकाल दिला, "रविवारी हिले सावनेरले मामाकडे नेऊन सोडतो. एक दिवस जीव घेईन ही बापूजीचा."

बापूजींनी डावा हात त्याच्याकडे करून जीव तोडून काही सांगू पाहिलं. शब्द फुटेना. आम्हाला वाटलं, रागावले.

ते भिंतीकडे तोंड करून निजून राहिले. जेवायलाही उठेनात. मग मी जितेंद्रला म्हटलं, "रविवारी सकाळी ही काळ्याच्या बाजूनं मुकाट गेली तं राहीन. नाही गेली तं मीच माह्या हातानं गाडीत बसवीन."

बोलून गेले. दिलेला शब्द मी फिरवत नाही हे घरादाराला ठाऊक आहे. हातात सहा दिवस.

कुत्र्यांचं मला काय ठाऊक! पण बैलांचं आहे. माहेरी, सावनेरला, नवा गोऱ्हा जोडीला लावायचा असला की बाप त्याला जुन्या बैलाच्या तोंडासमोर कधी उभा करत नसे. समोरासमोर आले की शिंगं भिडतात. दोघांना एकाच दिशेनं चालवायचं, आधी लांबून, मग जवळून. हातातली दोरी, कासरा, ढिला.

टपरीवर गेले. "गोपिके, काळ्याले दोरी बांध अन् माह्यासंगं चाल."

"काकू, यानं जन्मात दोरी नाही पाह्यली. राग यीन न त्याले."

"येऊ दे. तुया चहा पांचट झाला की मी नाही का रागावत? मी कोणाले चावली का आजवर?"

पहिल्या दिवशी गल्लीच्या त्या कडेनं काळ्या, या कडेनं आम्ही. बुंदी लटलट कापत होती. मी उचललं नाही, गोंजारलं नाही. काळ्याकडून नजर काढून माझ्याकडे पाहिलं की पोळीचा तुकडा द्यायचा, एवढंच. तिसऱ्या दिवशी काळ्याला पुढे ठेवलं आणि हिला मागून त्याचा वास घेऊ दिला. चौथ्या दिवशी मला घाई झाली. दोघांना जवळ घेतलं, तेवढ्यात ट्रकनं मागं येताना भोंगा वाजवला आणि माझा हात आपोआप आवळला. बुंदी अशी किंचाळून धावली की काळ्यानं दात विचकले. चूक माझी. घरी सांगितली नाही. पाचव्या दिवशी पुन्हा लांबच्या कडेपासून सुरू केलं.

रविवारी बापूजींना मी हाताला धरून उठवलं. "चाला. तिच्यासाठी चाला." जितेंद्र गाडी गल्लीच्या तोंडाशी लावून मागून आला. मामाला फोन करून झाला होता.

पट्टा बापूजींच्या मनगटात. पलीकडे गोपिका आणि काळ्या. चाललो. दोन्ही कुत्र्यांत दहा हात, मग सहा. बुंदीनं काळ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पोळी खाल्ली. चार हात. काळ्यानं मान दुसरीकडे केली.

"संभाळा, संभाळा!" जितेंद्र मागून झेपावला आणि पट्टा मधूनच धरून त्यानं खसकन् आपल्याकडे ओढला.

बुंदीचे पुढचे पाय अधांतरी. गळा आवळला, ती किंचाळली. काळ्या गर्रकन वळला. आणि ताणलेला पट्टा बापूजींच्या नडग्यांना आडवा लागला. ते झुकले. मी खांदा दिला म्हणून राहिले. त्यांनी काठी सोडली आणि डावा हात जितेंद्रकडे केला. जितेंद्रनं निकाल दिला तेव्हा केला होता, अगदी तसाच.

आता मला कळलं.

"गोपिके, बापूजी पडले त्या दिवशी तू पाह्यलं होतं ना?"

"पाह्यलं न काकू. जितूभाऊनं असंच खेचलं होतं. मले वाटलं, त्याईनं घरी सांगतलं असन."

जितेंद्रचा चेहरा उतरला. "मी धरलं नसतं तं तिनं..."

"सोड," मी म्हटलं.

त्यानं सोडला. बापूजींची मूठ वळत नाही. पट्टा त्यांच्या मनगटावरून ढिला लोंबू लागला. बुंदी त्यांच्या पायामागे थरथरत होती. मी काठी उचलून बापूजींच्या हातात दिली. काळ्यानं दोनदा अंग झाडलं आणि खाली बसला. किती वेळ गेला कोण जाणे. मग बुंदीचं नाक बाहेर आलं. मग मान. ती काळ्याच्या मागून फिरली, शेपटीपाशी हुंगलं, शिंकली. काळ्या उठला तरी पळाली नाही.

बापूजींनी पाऊल टाकलं. दोन्ही कुत्रे शेजारून चालू लागले, टपरीपर्यंत.

जितेंद्र तिथंच उभा होता, हातात गाडीची किल्ली आवळून. मी परत फिरून त्याच्यासमोर गेले.

"जितू, बापूजीले कुत्रीनं नाही पाडलं, तू पाडलं. अन् महिनाभर तोंड शिवून बसला. बुंदी कुठंच जात नाही. पण मामाले फोन झाला हाय, गाडी उभी हाय, तं आता तिच्या जागी तू जा. आठ दिवस त्याच्या गोठ्यात राह्य, कासरा ढिला कसा धरतेत थे शिक, अन् मंगच या पट्ट्याले हात लाव."