घरचे मोजायचे नाहीत

चित्रशाळा चालवणाऱ्या ताईंनी निधी देणाऱ्या खात्याचं पत्र तिसऱ्यांदा वाचलं आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. चष्मा काढल्याने मजकूर बदलणार नव्हता, पण निदान दिसायचा तरी बंद झाला. सलग चार वर्षं प्रेक्षकसंख्या घटत आहे, सबब आपला निधी का थांबवू नये याचा खुलासा करावा. गुरुवारी तपासनीस येतील.

खुलासा! ताईंनी आजवर इतके खुलासे लिहिले होते की तेवढ्या वेळात त्यांची स्वतःची शंभर चित्रं झाली असती. बावीस वर्षांपूर्वी त्या इथे चित्रकार म्हणून आल्या होत्या. आता बोटांना शाई लागायची ती शिक्क्याची. त्या सगळ्या भागात चित्रं बघायला मिळतील अशी ही एकच जागा होती. जुन्या गोदामाच्या वरच्या मजल्यावर दोन दालनं, मागे ठशांवरून चित्रं छापायची खोली, आणि जिना संपतो तिथे स्टुलावर बसलेले मामा.

चार वर्षांत ताईंनी काय नाही केलं? तिकीट बंद केलं, रविवारी उघडं ठेवलं, बुधवारचा रेखाटनाचा वर्ग फुकट केला. आकडा आपला खालीच. मग ठशांचं काम शिकवणाऱ्या मास्तरांना निरोप द्यावा लागला. मोठ्या दालनातले निम्मे दिवे काढले. शेवटी स्वतःचा पगार अर्धा केला आणि ते घरी सांगायला दोन महिने लावले. "तुझी संस्था म्हणजे माझी दुसरी सासू," नवरा म्हणाला होता. "कितीही करा, मेलीचं समाधान नाही." आणि दुसऱ्या दिवसापासून निमूटपणे ताईंचा डबा भरायला लागला.

मामांच्या तळहातात एक छोटं यंत्र असायचं. माणूस आला की खटका दाबायचा, टक. संध्याकाळी आकडा रजिस्टरात. एकदा अगदी हताश होऊन ताई म्हणाल्या होत्या, "मामा, रोज चार-पाच जास्त दाबले तर कुणाचं काय जाणार आहे?" मामांनी असं काही बघितलं की ताई आठवडाभर त्यांच्याकडे मान वर करून बघू शकल्या नाहीत. वीस वर्षांत त्या अंगठ्याने एकही खोटा खटका दाबला नव्हता.

मंगळवारी खुलासा लिहिता लिहिता डोकं भणभणलं, तेव्हा ताई खुर्ची ओढून मामांशेजारी येऊन बसल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

कोपऱ्यावरचा शिंपी आला. "गुडघा काय म्हणतोय?" मामांनी विचारलं. "बोलतोय बिचारा, सारखा बोलतोय," म्हणत शिंपी आत गेला आणि नेहमीच्या निळ्या चित्रासमोर उभा राहिला. मामांचा अंगठा हलला नाही. पाठोपाठ दवाखान्यातल्या दोन नर्स आल्या. मामांनी त्यांच्या पिशव्या ठेवून घेतल्या. अंगठा जागच्या जागी. मग एक अनोळखी माणूस धापा टाकत वर आला, बँक कुठे आहे म्हणून विचारलं आणि तसाच उतरून गेला.

टक.

"मामा," ताईंनी अगदी सावकाश विचारलं, "शिंप्याला नाही मोजलंत?"

"त्याला काय मोजायचं? घरचा माणूस."

"आणि त्या दोघी?"

"त्याही घरच्याच. चौथ्यांदा आलं की घरचं. आता ताई, आपल्या घरी कोण किती वेळा आलं हे आपण लिहून ठेवतो का?"

"बुधवारचा वर्ग?"

"छे! ती तर लेकरंच आपली." त्या वर्गातलं सगळ्यात धाकटं लेकरू बावन्न वर्षांचं होतं.

ताईंनी मनातल्या मनात हिशेब मांडला. तिकीट बंद झाल्यावर माणसं पुन्हा पुन्हा यायला लागली होती, म्हणजे घरची झाली होती, म्हणजे आकड्यातून गेली होती. जितका जीव लावला, तितकी संख्या घसरली. मास्तर गेले, दिवे गेले, ते यापायी! ताईंना ओरडायचं होतं, पण तेवढंही त्राण उरलं नव्हतं. त्यांनी नुसतं सगळं समजावून सांगितलं. मामा ऐकत राहिले. मग हातातल्या यंत्राकडे बघत म्हणाले, "म्हणजे मास्तरांना मी घालवलं."

ताईंनी नाही म्हणायला हवं होतं. त्या गप्प राहिल्या, आणि ते त्यांना पुढे कितीतरी दिवस खात राहिलं.

गुरुवारी तपासनीस बाई आल्या. ताईंनी तोंड उघडायच्या आत मामा उठून उभे राहिले आणि सगळं सांगून मोकळे झाले. बाई माणूस म्हणून वाईट नव्हत्या. त्या थोडं हसल्यासुद्धा.

"पण नोंद नाही म्हणजे माणूस नाही," त्या म्हणाल्या. "मी वर काय दाखवू? तीन महिने देते. येईल त्या प्रत्येकाला मोजा. रोजची सरासरी साठ आली तर निधी चालू. नाही आली तर मग कुलूप, माझ्या हातात काही नाही."

शुक्रवारी ताई आपल्या खोलीचं दार उघडं टाकून बसल्या. शिंपी जिना चढून आला. टक. तो शेवटच्या पायरीवरच थबकला.

"मला मोजलंत?"

"हो," मामा म्हणाले. त्यांनी गुडघ्याचं विचारलं नाही. शिंपी आत जाऊन त्या निळ्या चित्रासमोर जरा वेळ उभा राहिला, पण नेहमीपेक्षा लवकर निघाला. नर्स आल्या. टक, टक. पिशव्या त्यांनी स्वतःच भिंतीशी ठेवल्या. दिवसभर तो आवाज येत राहिला आणि प्रत्येक आवाजाला ताईंना हायसं वाटत राहिलं. हायसं वाटतंय याची लाजही वाटत राहिली.

संध्याकाळी मामांनी यंत्र ताईंच्या टेबलावर आणून ठेवलं.

"त्रेसष्ट," ते म्हणाले.

"त्रेसष्ट! मामा, वाचलो आपण."

"हो." मामा दारापर्यंत गेले, तिथेच वळले. "त्रेसष्ट जण आले, ताई. घरचं कुणी आलं नाही आज."

ताईंनी रजिस्टर पुढे ओढलं आणि त्रेसष्ट लिहिलं.