पॅकिंगची जुनी रिंग

थोरलीच्या गॅरेजमधून दुरुस्त होऊन गेलेली गाडी त्याच दुखण्यानं परत आली, असं तीस वर्षांत एकदाही घडलं नव्हतं. हे ती स्वतःच सांगायची, आणि कुणी विचारलं नाही तर जरा जास्तच सांगायची. गॅरेज नवऱ्यानं सुरू केलेलं. तो गेल्यावर चाव्या तिच्या कमरेला आल्या आणि पाने दिराच्या हातात. ती लग्न होऊन घरात आली तेव्हा हा दीर नऊ वर्षांचा होता, दोन्ही गुडघे फुटलेला. त्याला तिनंच दटावून जेवू घातलं, वाढवलं. चारचौघांत ती त्याला ‘भाऊजी, तुम्ही’ म्हणे, आणि दार लोटलं की ‘अरे तू’. आता तो पंचावन्नचा होता आणि गल्ली त्याला उस्ताद म्हणत होती.

उस्तादाचे हात चांगले होतेच, पण खरं भांडवल म्हणजे कान. गाडी वळणावर असतानाच तो सांगायचा, पट्टा सैल आहे, नाहीतर तिसऱ्या सिलिंडरमध्ये काहीतरी बिघडलंय. लोक हसायचे, बोनेट उघडायचे आणि गप्प बसायचे.

तेच कान गेल्या थंडीपासून जात चालले होते. थोरलीला ते एका किटलीनं सांगितलं. चुलीवर किटली शिट्टी मारून मारून थकली आणि दीर शेजारीच पेपर वाचत बसलेला. जाड आवाज त्याला ऐकू येत, बारीक आवाज विरून गेले होते. थोरलीनं किटली उतरवली आणि तोंडातून अवाक्षर काढलं नाही. आपलेच दात, आपलेच ओठ. झाकली मूठ सव्वा लाखाची. त्या दिवसापासून गिऱ्हाईक आलं की ती दिराच्या अंगालगत येऊन उभी राही आणि गिऱ्हाइकाचं बोलणं आपल्या खणखणीत आवाजात पुन्हा म्हणे, जणू तिलाच समजून घ्यायचंय. एखादा कुरकुरला की उस्ताद हल्ली उत्तरच देत नाहीत, तर ती म्हणायची, “तुमच्या बोलण्यात उत्तर देण्यासारखं काय होतं?” माघारी टवाळ पोरांनी उस्तादाचं नाव ‘सायलेन्सर’ ठेवलं होतं. तेही तिनं ऐकलं होतं आणि गिळलं होतं.

त्या सकाळी व्हॅन आली ती अख्खी गल्ली जागी करत. व्हॅन जुनी, पत्रा ठिकठिकाणी ठिगळ मारलेला. मागची बाकं काढून तिथं गादी घातली होती आणि गादीवर व्हॅनवाल्याची बायको आडवी होती, गळ्यापर्यंत रजई ओढून.

“सहा तासांचा रस्ता आहे,” व्हॅनवाला म्हणाला. “उद्या सकाळी मोठ्या हॉस्पिटलात हिचं ऑपरेशन. आज संध्याकाळच्या आत दाखल व्हायचंय. एवढा आवाज तेवढा बंद करून द्या.”

“सहा तास जायचंय! ऑपरेशन आहे! आवाज बंद करा म्हणतो!” थोरली दिराच्या कानाशी म्हणाली.

उस्ताद फळीवर पाठ टेकून गाडीखाली सरकला. बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता.

“आवाजाचं सोडा. सायलेन्सरचा डबा सडलाय आणि पाइपचा जोडही गेलाय. जोड बरोबर यांच्या उशीखाली येतो. पत्र्याला तिथंच भोकं आहेत. धूर सगळा आत चढतोय. गाडीत बसलं की डोकं धरतं का यांचं?”

“डोकं धरतं, उलट्या होतात,” बायकोच गादीवरून बोलली. “मला वाटलं आपलंच आयुष्य संपत आलंय. निघालं गाडीचं!”

ती हसली आणि हसता हसता खोकू लागली. व्हॅनवाला मात्र हसला नाही. गेले तीन महिने हिला दर आठवड्याला तपासायला तोच नेत होता, आणि वारा लागू नये म्हणून काचा आपल्या हातानं घट्ट लावत होता.

उस्तादानं भोकांवर पत्र्याचे तुकडे बसवले, पण अशा ठिगळांवर भिस्त ठेवता येत नाही, खालचा जोडच पक्का हवा, हेही बजावलं. बायकोला बाहेर खुर्चीत बसवून गाडी जॅकवर उचलली, खाली लोखंडी घोडे लावले. बोल्ट गंजून एकजीव झाले होते. दोन सुटले, तिसरा करवतीनं कापावा लागला. जुना डबा खाली आला तेव्हा त्यातून गंजाचा भुगा पोतंभर सांडला. नवा डबा रबरी कड्यांत अडकवला, पुढच्या जोडात पॅकिंगची नवी रिंग घातली, तिन्ही बोल्ट आळीपाळीनं आवळले. काम असं देखणं की थोरलीला नवऱ्याची आठवण झाली.

मग शेवटची परीक्षा. ही पद्धत नवऱ्यानं घालून दिलेली. इंजिन सुरू करायचं, ओल्या फडक्यानं मागचा धुराचा पाइप दाबून धरायचा आणि ऐकायचं. जोड पक्का असेल तर इंजिनाचा दम कोंडतो, बाकी सगळं मुकं. कुठं फट असेल तर तिथून ‘फुस्स’ येतं, अगदी बारीक.

उस्तादानं फडकं दाबलं. इंजिनाचा आवाज खाली बसला. त्यानं मान कलती केली, डोळे मिटले, नेहमीसारखे. आणि थोरलीला ऐकू आलं. फुस्स, फुस्स. दातांच्या फटीतून कुणी चिडवावं तसं.

उस्तादानं डोळे उघडले. “झकास. न्या गाडी.”

जीभ वळवायला थोरलीला कधी मुहूर्त लागत नसे, पण आज ती टाळूला चिकटली. परक्या माणसांदेखत सांगायचं? याला? ज्याच्या कानावर तीस वर्षं गॅरेजची पाटी उभी आहे, त्याला? व्हॅनवाल्यानं बायकोला उचलून गादीवर ठेवलं, रजई पांघरली, काच वर केली.

“अहो, जाताना काच बोटभर उघडी ठेवा,” थोरली म्हणाली. तिचं तिलाच ते बोलणं चोरट्यासारखं वाटलं.

“नको हो,” बायको आतून म्हणाली. “वारा लागला की खोकला सुटतो. आणि आता धूर येणारच नाही ना? मग काच कशाला उघडी?”

प्रश्न सरळ होता. बाई थोरलीकडे बघत होती, फिक्या तोंडानं, पण भरवशानं. दुसऱ्या कुणाकडे नाही, थोरलीकडेच.

व्हॅनवाल्यानं गिअर टाकला. थोरली चालत गाडीपुढे गेली आणि तिनं बोनेटवर हात ठेवला.

“थांबव. हलवू नकोस.” मग ती दिराकडे वळली. “भाऊजी, जोड फुसफुसतोय.”

“काय?”

“जोड! फुसफुसतोय!”

“छे. मी ऐकलं ना.”

“तुम्हाला ऐकू येत नाही,” थोरली म्हणाली. आणि एवढ्या लोकांदेखत तिच्या तोंडून निसटलंच, “तुला ऐकू येत नाही रे.”

उस्ताद हसला, म्हणजे ओठ तेवढे हलले. व्हॅनवाला स्टिअरिंगकडे बघू लागला. थोरलीनं दिराचं मनगट धरलं, लहानपणी हात धुवायला न्यायची तसं, आणि त्याचा पंजा फडकं भिजवायच्या बादलीत बुडवला.

“पाइप अजून कोमटच आहे, भाजणार नाही. ओल्या हाताला फुंकर कळते. जोडाजवळ हात धर. मी फडकं दाबते.”

तो खाली सरकला. तिनं फडकं दाबलं. बराच वेळ गाडीखालून नुसते त्याचे बूट दिसत राहिले. मग एक बूट हलला.

“बंद करा,” तो म्हणाला.

बोल्ट सोडून त्यानं जोड उघडला आणि चूक सापडली. पॅकिंगची जुनी रिंग निघालीच नव्हती. गंजानं ती पाइपच्या तोंडाला अशी बसली होती की पाइपचाच काठ वाटावा. नवी रिंग तिच्या डोक्यावर बसवली गेली होती. दोन रिंगांत एक जोड कसा मिटणार? छिन्नीनं टवके काढत त्यानं जुनी रिंग उतरवली, तोंड घासून लखलखीत केलं, नवी रिंग बसवली, बोल्ट आवळले.

पुन्हा फडकं दाबलं तेव्हा उस्तादानं डोळे मिटले नाहीत. ओला हात जोडाभोवती गोल फिरवला. मग बाहेर येऊन तो थोरलीच्या तोंडाकडे बघत राहिला. थोरलीनं ऐकलं. इंजिनाचा दम कोंडला आणि ते बंद पडलं. मध्ये कसलाही आवाज नव्हता. तिनं मान हलवली.

“आता लावू काच?” बायकोनं विचारलं.

“लावा, माये,” थोरली म्हणाली. “नीट जा.”

व्हॅन वळणाआड गेली. उस्ताद उपड्या डब्यावर बसून हात पुसत राहिला, पुसून झाल्यावरही.

“कधीपासून?”

“थंडीपासून.”

“मला वाटायचं, लोकच हल्ली पुटपुटतात.” त्यानं हातातलं फडकं बाजूला टाकलं. “तू मला सांगितलं नाहीस.”

“तुझ्या जिवाला लागलं असतं.”

“माझ्या जिवाला, की तुझ्या पाटीला?”

दुसऱ्या कुणी असं विचारलं असतं तर थोरलीनं त्याच्या सात पिढ्यांची उजळणी करून दिली असती. आता ती जुन्या रिंगचे टवके पायानं गोळा करू लागली.

“वहिनी,” तो म्हणाला, “थंडीपासून आपण किती जोड बंद केले?”

हा हिशोब तिनं कधी मनातही मांडला नव्हता. झाकून ठेवायचं तर फक्त दिराचं दुखणं, एवढंच तिला दिसलं होतं. तिला अक्षरं जेमतेम लागत, पण दारात आलेला माणूस ती विसरत नसे. ती बोटांवर मोजू लागली. पाववाल्याचा टेम्पो. दोन बहिणींची ती हिरवी मोटार. रंगाऱ्याची व्हॅन. चौथ्या बोटाशी ती अडली.

“बोल,” तो म्हणाला, तिच्या ओठांकडे बघत.

“शाळेची.”

उस्ताद उठला. “मी येतो.”

“तू इथं थांब. गाड्या येतील त्या उघडून ठेव, सगळ्या. हातानं तपास. चूक तुझ्या कानांची नाही. बोलायचं मला होतं.”

तिनं चपला घातल्या. फडक्याच्या पाण्यानं भिजलेल्या पावलांनी ती तशीच निघाली. शाळेच्या गाडीचा ड्रायव्हर दोन गल्ल्या सोडून राहायचा. तो दारातच गाडीची काच पुसत होता. मुलांना आणायची वेळ तासाभरावर आली होती.

“अरे वा! थोरलीबाई आमच्या दारी?” तो म्हणाला. “गाडी एकदम लोण्यासारखी पळतेय हो. मुलं तेवढी झोपतात हल्ली मागं, अशी झोपतात की उतरताना उठवावं लागतं.”

थोरलीनं दाराची चौकट धरली.

“आज मुलांना या गाडीत बसवू नकोस,” ती म्हणाली. “गाडी परत आण. माझ्या दिराला ऐकू येत नाही, आणि ते मला ठाऊक होतं.”

ड्रायव्हर तिच्याकडे बघत राहिला. त्याला वाटलं, आपल्याच ऐकण्यात काही चूक झाली. म्हणून थोरलीनं तेच पुन्हा म्हटलं, शब्दन् शब्द, शेजारच्या दोन्ही दारांत ऐकू जाईल असं.